हलकं काम

सत्तावन सालच्या फ्ल्यूच्या साथीत आमच्या थेरगावच्या घरात आधी नवरा झोपला, मग मी. तो पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होता. ताप उतरल्यावर कारखान्याच्या डॉक्टरनं त्याला तपासलं आणि सांगितलं, की हा ताप जातो, पण अंगातली ताकद घेऊन जातो. याला पंधरवडाभर हलकं काम द्या. मग त्याला स्टुलावर बसवून नट-बोल्ट निवडायला दिले. संध्याकाळी सायकलवरून येऊन तो हे मोठ्या ऐटीत सांगायचा, आणि सासूबाई त्याच्या ताटाशी दुधाची वाटी ठेवायच्या.

माझा ताप उतरला तेव्हा तपासायला सासूबाईच होत्या. त्यांची रीत सोपी होती. आजाऱ्याला निंबाचा पाला घातलेल्या ऊन पाण्यानं डोक्यावरून न्हाऊ घालायचं. न्हाणं झालं की दुखणं संपलं. त्यानंतर जो आडवा होईल तो आळशी. त्यांनी मला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं, केस पुसले आणि चुलीपुढे बसवलं. मनात वाईट काही नव्हतं. सगळ्या गावात तसंच चालायचं, आणि माझी आई असती तर तिनंही तेच केलं असतं.

पण अंग माझं राहिलं नव्हतं. दोन भाकऱ्या थापल्या की तिसरीला हात उचलेना. पवना नदीवरून पाणी आणताना पाय लटपटायचे, म्हणून मी घागर अर्धीच भरायची आणि भरल्या घागरीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून ठेवतात तशी तोंडाशी निंबाची डहाळी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला भरलेली वाटे. मग खेपा वाढायच्या. असलं माझं शहाणपण! धार काढायच्या निमित्तानं गोठ्यात जाऊन म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसायची. तिथं रडू यायचं. कशाचं, ते मलाच सांगता आलं नसतं. कशात मन लागेना, कुणी हसलं तरी राग यायचा. आणि सगळे आळशी म्हणतात म्हणजे मी असेनच, असं मलाही वाटायला लागलं होतं. तापापेक्षा ते वाईट होतं.

एकदा मी नवऱ्याला विचारलं, मलाही थोडे दिवस हलकं काम मिळेल का. त्याला ते इतकं मजेशीर वाटलं, की त्यानं जेवताना आईला सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत.

"घरात कुठलं गं हलकं काम? आन जड कुणी करायचं, म्या?"

त्यांचंही खोटं नव्हतं. साठीला टेकलेली बाई, माझ्या वाटचं निम्मं काम तीच उपसत होती. पण त्याच दमात त्यांनी लेकाला बजावलं, की पुढच्या अमावास्येपर्यंत ही सुधारली नाही तर हिला माहेरी घालव. माहेरी आईबाप उरले नव्हते. भाऊ होता आणि भावजय होती. घालवलेली बाई परत आणायला कुणी जात नसे, दुसरी आणत. हे मला ठाऊक होतं, त्यालाही होतं. तो खाली मान घालून जेवत राहिला.

त्याच साथीत माझी नणंद गेली होती. रहाटणीला दिलेली, माझ्याच वयाची. ताप उतरला, सासरच्यांनी न्हाऊ घातलं आणि बाजरीच्या खुरपणीला धाडलं. बांधावर टेकली ती पुन्हा उठली नाही. सासूबाई रोज त्या लोकांच्या नावानं बोटं मोडायच्या. माझ्या लेकीला घडीभर बसू दिलं न्हाई मेल्यांनी, म्हणायच्या, आणि तोंड फिरवून मला हाक मारायच्या, शेण काढायचं राहिलंय.

मग शेजारणीनं त्यांच्या डोक्यात घातलं, की हे आळसाचं लक्षण नव्हे, हिला बाहेरची बाधा आहे. देवऋषी आला. माझ्या कपाळाला अंगारा लावला, डोक्यावरून लिंबू उतरवलं आणि तू कोण, कुठली, म्हणून दरडावून विचारायला लागला. त्यानं केस धरून डोकं हलवलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्यातच मला एक गोष्ट लख्ख दिसली. आमच्या आळीत बाधा झालेली एक बाई होती. तिला कुणी घागर उचलायला सांगत नसे. थेरगावात बाईला थकायची मुभा नव्हती, झपाटायची होती. मला झोप हवी होती हो, दुसरं काही नको होतं. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

"म्या रहाटणीची," मी म्हणाले.

नवरा दारात सायकल धरून उभा होता, तो तसाच राहिला. देवऋषी म्हणाला, हिला नारळ-कोंबडं देऊन नदीपार करू. सासूबाईंनी त्याला हातानं बाजूला सारलं आणि माझ्यापुढे जमिनीवर बसल्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"दमलीस का गं, माझे बाई?"

आजारातून उठल्यापासून हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मला हुंदके फुटले, आणि त्यात सोंग नव्हतं. एरवी मी त्यांना आत्याबाई म्हणायची, मान खाली घालून.

"लई दमले गं, आई," मी म्हणाले.

देवऋषी पुन्हा लिंबाकडे हात नेत होता. त्यांनी त्याला सांगितलं, की लेकीला हाकलायचं नाही, राहू द्या, निजू द्या तिला. पुढच्या अमावास्येचं बोलणं तिथंच मिटलं. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि थोपटत राहिल्या. डोळे मिटत आले तेव्हा त्यांनी लेकीच्या नावानं हळूच हाक मारली, आहे का गेली, ते बघायला.

मी ओ दिली.