आडनाव विचारल्यावर

माझा मोठा भाऊ मोटारपंप दुरुस्त करतो. सानगडीच्या बाजारात त्याचं आणि त्याच्या शाळेपासूनच्या दोस्ताचं दुकान. दोस्त गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातला, आम्ही बौद्ध वस्तीतले. दोघं एकाच डब्यातून जेवायचे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांनी एका शेतकऱ्याची बंद पडलेली मोटार चालू करून दिली. दोन दिवसांनी ती भरदुपारी चोरीला गेली. ठाण्यातून दोघांनाही बोलावणं आलं. मी शाळेत शिकवते, चार शब्द बोलता येतात, म्हणून सोबत गेले.

जमादाराने आधी दोस्ताला नाव विचारलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं. "बसा," म्हणून खुर्ची पुढे सरकली. मग माझ्या भावाकडे बघून, "तुझं?" भावाने स्वतःचं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं आणि थांबला.

"पुढे?"

आडनाव ऐकल्यावर जमादार म्हणाला, "तिकडं भिंतीपाशी बस." बाजूला आणखी एक खुर्ची रिकामी होती.

दोस्त म्हणाला, "साहेब, त्या दिवशी आम्ही दोघंही भंडाऱ्याले होतो. सामान आणाले गेलो होतो."

"तुम्ही कायले पडता याच्यात? घरी जा."

तो घरी गेला नाही. संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला, पुन्हा आत जाऊन तेच सांगून आला. भावाला मात्र ठेवून घेतलं. जामीन होऊन तो परतला तेव्हा त्याला टाच टेकवत नव्हती. आईने विचारलं, तर म्हणाला, "चप्पल लागली."

दोषारोपपत्रात दोस्ताचा जबाब नव्हताच. तीन वर्षं तारखा चालल्या. शेवटी आमच्या वकिलाने त्याला साक्षीला उभं केलं. सरकारी वकिलाने विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं साहेब. दोनदा. कोणी लिहूनच नाही घेतलं."

भाऊ सुटला. निकालात लिहिलं होतं, संशयाचा फायदा. संशय त्यांचा, आणि फायदा म्हणे आमचा! मोटार कधीच सापडली नाही. ती कोणी शोधलीही नव्हती.

पुढे एकदा शाळेत मधल्या सुट्टीत कोणीतरी मोबाइलवर बातमी दाखवली. परदेशात पोलिसांनी एका काळ्या माणसाला विनाकारण गाडीतून ओढून काढलं होतं. एक सहकारी हळहळल्या, "काय बाई देश! नुसता रंग बघून?"

मी म्हटलं, "आपल्याकडे दोघंही सारखेच काळे होते, म्हणून आडनाव विचारावं लागलं."

"मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच आणता," त्या म्हणाल्या आणि डबा बंद करून उठल्या. मला रडू आलं नाही, चीड आली. ती अजून गेलेली नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात केबल चोरीला गेली. ठाण्यातून भावाला फोन आला.

"मले काहून? मी तर सुटलो ना साहेब."

"सुटला ना, पण नाव आहे इथं. ये."

भावाने हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला. दोस्ताने दुकानाचं शटर ओढलं आणि गाडी काढली. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तोही त्याच दुकानात बसतो, त्याच पान्ह्यांनी काम करतो. इतक्या वर्षांत त्याला एकदाही फोन आलेला नाही.