फोटोआत्याची काळी साडी

आमची फोटोआत्या कामाला निघाली की काळी साडी नेसायची. दर्पण कॉलनीतले शेजारी चिडवत, "क्यों ताई, आज संक्रांत?" आत्या हसून पुढे जायची. ग्वाल्हेरातल्या चित्रकारांना त्यांच्या चित्रांचे फोटो काढून देणं हे तिचं काम. काचेतल्या चित्राचा फोटो काढायचा तर काढणाऱ्यानं काळ्यात असावं, नाहीतर काचेत तोच उमटतो. "फोटोत चित्र दिसलं पाहिजे, मी कशाला?" असं ती म्हणे.

घाई तिला ठाऊकच नव्हती. चित्र खिडकीशी, पण उन्हाबाहेर ठेवायची आणि समोर नुसती बसून राहायची. मी चुळबुळ केली की म्हणायची, "ठहर जरा, उजेड अजून कच्चा आहे." मग कधीतरी खोलीतला उजेड सायीसारखा मऊ व्हायचा, चित्रातले रंग आपणहून पुढे यायचे आणि मला बसल्याबसल्या स्वप्न पडल्यासारखं वाटायचं. फोटो कधी निघाला ते कळायचंही नाही. त्या दुपारी मला फार आवडत.

माझ्या आईनं आयुष्यात एकच चित्र पुरं केलं, कंपू भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून दिसणारा पहाटेचा किल्ला. माझ्या बहिणीनं, वीणानं, सासरी न्यायला नेमकं तेच मागितलं. आईला नाही म्हणवेना. लग्नाच्या सकाळी मात्र तिला राहवलं नाही, तिनं आत्याला गाठलं. "वन्सं, निदान फोटो तरी राहू दे माझ्याजवळ."

आत्या कॅमेरा घेऊन आली ती काळ्या साडीत. वरपक्षाच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी आईच तिच्या कानाशी लागली, "आजच्या दिवशी काळं नको हो, वन्सं." आत्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. आईची पिवळीधमक साडी नेसली आणि, चौकट मागून पक्की बंद होती म्हणून, काचेसकटच फोटो काढला. संध्याकाळी चित्र वीणाबरोबर पुण्याला गेलं. फोटोत किल्ल्याच्या मधोमध आत्या उमटली होती, फिकट, पिवळी. "बिघडवलं गं मी," म्हणत ती कितीतरी दिवस हळहळत होती.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. दुपार कलली की मला अजून तिची आठवण येते, आणि करमत नाही.

परवा वीणानं चित्राची काच काढवून नवा, स्वच्छ फोटो पाठवला. भिंतीवरचा जुना उतरवून हाच लावू या, असं मी आईला म्हटलं. तिनं फोनवर तो बघितला आणि फोन मला परत दिला. "छान आलाय. असू दे तुझ्याकडे."

भिंतीवरच्या फोटोची काच ती रोज सकाळी पुसते. पुसता पुसता म्हणते, "वन्सं, जरा बाजूला सरा हो, किल्ला दिसत नाहीये."