दुसरं रिमोट

जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, ताडकळसच्या आमच्या शेजाऱ्याच्या व्हिडिओ गेमची प्रकृती चिंताजनक होती. नव्या कॅसेटी मिळेनात. गेम बनवणारी कंपनी तरते की बुडते, यावर त्याच्या ओसरीत रोज खल चाले.

शेजारी मात्र मोठा आशावादी. आधी मांडीवर थाप, मग वाक्य. "हैदराबादला नवं मशीन यायलंय, लय जबरदस्त!" विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला तरी थाप तीच. "आपल्यात भेद न्हाई. या गुरुजी, धरा दुसरं रिमोट." मग पायाच्या अंगठ्यानं तो मशीनमागच्या वायरी सारख्या करी.

बौद्धवाड्यातले गुरुजी मनापासून बटणं दाबत. पडद्यावरचा त्यांचा माणूस जागचा हलत नसे. उभ्या उभ्या मरे. बाकीच्यांच्या हातात तेच रिमोट चाले.

"सवय न्हाई तुमाला," शेजारी समजूत काढी. "नव्या मशीनवर तुमचाबी माणूस पळंल."

एका रविवारी कंपनी बुडाल्याची खबर आली. ओसरीत सुतक पडलं.

"गुरुजी, तुमचा माणूस पळायचा राहिला की हो!" शेजारी हळहळला.

गुरुजींनी रिमोट गुंडाळायला वायर ओढली. तिचं मोकळं टोक सरळ हातात आलं. ते सगळ्यांसमोर धरून गुरुजी बोलून गेले,

"सवयीचं राहू द्या भाऊ, तुमी माझी वायरच काढून ठेवलीय!"