माझ्या वचनापाशी थांबलेली माणसं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वहीतून माझं नाव खोडा, असं पत्र मी पाळकांना लिहून ठेवलं होतं. पाकिटावर धुळ्याचा पत्ताही घातला होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मी चोपडा तालुक्यात शेतमजुरांसाठी पत्रकं काढायचो, सभा घ्यायचो आणि जो माझ्याशी सहमत नाही तो विकला गेलेला, असं सरळ धरून चालायचो.

सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर विश्वासणाऱ्यांची आठ-दहा घरं होती. बायबलची प्रत एकच आणि वाचता येणारं कुणी नाही. म्हणून कुणा जुन्या प्रचारकाने एक स्तोत्र घरोघरी वाटून दिलं होतं, एका घराला एक वचन, म्हणजे त्यातली एक ओळ. रविवारी उपासनेच्या मांडवात जो तो आपलं वचन म्हणे आणि स्तोत्र पुरं होई. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मधलं एक वचन आलंच नाही. सगळे गप्प. मला वाटलं, विसरले बिचारे. मी शिकलेला ना! मोठ्या आवाजात ते म्हणून टाकलं. म्हाताऱ्या राहेलअक्का डाफरल्या, "चूप ऱ्हाय भाऊ! ते सुमननं शे." ते वचन सुमनच्या घरचं होतं. उपासना संपताच अक्का तिच्याकडे गेल्या. तिचं लेकरू तापाने फणफणलं होतं. न आलेल्याची जागा भरायची नाही, त्याला शोधायला जायचं, ही तिथली रीत. पुढे एक कुटुंब कामासाठी गुजरातेत गेलं आणि त्यांचं वचन मला मिळालं. शप्पथ सांगतो, कुठल्याही सभेतल्या टाळ्यांनी मला तेवढा मान दिला नाही.

मग केळीच्या मळ्यांवरचा आमचा संप फुटला. पाड्यावरची माणसंही जुन्याच मजुरीवर कामाला गेली. त्यांच्या घरातलं धान्य संपलं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी मांडवात उभा राहून ओरडलो, "तुमची प्रार्थना फक्त मान खाली घालायला शिकवते!" त्याच रागात चोपड्याला खोलीवर येऊन ते पत्र लिहिलं आणि तापाने आडवा झालो. ज्या संघटनेसाठी घसा फोडला, तिचा एक माणूस फिरकला नाही.

रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर राहेलअक्का, पाड्यावरचे योहाननाना आणि सुमन. उन्हातून चालत आलेले, पाय धुळीने भरलेले.

"तू उना नही," अक्का म्हणाल्या. "आमी बठ्ठा थांबनूत. तुनी वाट दखी. मंग उनूत." माझ्या वचनापाशी सगळे थांबून राहिले होते आणि मग ही तिघं मला शोधायला निघाली होती.

सुमनने स्टोव्ह पेटवून पेज केली आणि समोर बसून प्यायला लावली. मग तिघं जमिनीवर बसली आणि स्तोत्र सुरू केलं. पाड्यावर राहिलेल्यांची वचनं अक्कांनी त्यांच्याकडून मागून आणली होती. माझं तेवढं आणलं नव्हतं. तिथे येऊन ती थांबली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

"सभामा तं घसा फाडस," नाना म्हणाले, "आठे एक वचन निंघत नही?"

"नाना, त्याले दम खावू द्या," सुमन म्हणाली.

कुणी उठलं नाही. शेवटी मी ते म्हटलं, रडत, तुटक तुटक. सुमनने लगेच पुढचं वचन उचललं, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

पत्र पोस्टात पडलं नाही. मजुरीसाठी मी अजूनही भांडतो आणि ते चूक आहे असं मला कुणी शिकवू नये. पण आज जळगावच्या मंडळीत हाताहातात पुस्तकं आहेत, डोक्यावर पंखे आहेत आणि एखादं माणूस आलं नाही तरी स्तोत्र अडत नाही, याची मला चीड येते. मग तो पाडा आठवतो. त्या दुपारी माझ्यापाशी विश्वास उरलाच नव्हता. तो त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवला होता.

प्रभू, शरण येणं म्हणजे हरणं, असं मी समजत होतो. तू तीन दमलेली माणसं पाठवलीस. मी फक्त दार उघडलं आणि तेवढंच तू पुरेसं मानलंस. तुझे आभार.