काकींच्या पायरीवरची खूण

बेंचमार्क हा शब्द हल्ली कुणीही कशालाही लावतो, अगदी बिस्किटं विकणारासुद्धा. माझं डोकं फिरतं. आम्हा सर्व्हेवाल्यांच्या लेखी त्याचा अर्थ साधा आहे. जिची समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की ठाऊक आहे आणि जी जागची हलत नाही, अशी खूण. बाकी सगळ्या उंच्या तिच्यावरून काढायच्या.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पनवेलजवळ खाडीकाठच्या एका गावात नवं गटार व्हायचं होतं. मूळ बेंचमार्क लांब, कळंबोलीच्या बाजूला एका पुलाच्या कठड्यावर. तिथून उंची मोजत आणायची म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून गावातच एक तात्पुरता बेंचमार्क केला: एका काकींच्या घराच्या पायरीवर, लाल रंगाने गोल आणि आत फुली.

काकींचं घर गावात सगळ्यात सखल. दर पावसाळ्यात चुलीपर्यंत पाणी यायचं. "गटार झालं का पानी जाईल ना रं बाला?" त्या रोज विचारायच्या. मी रोज हो म्हणायचो आणि त्यांचा चहा प्यायचो.

तात्पुरती खूण अधूनमधून मूळ खुणेशी ताडून पाहायची, हा नियम. सुरुवातीला मी पाळला, मग कंटाळा केला. दगडाची पायरी काय चालत जाणार आहे?

मग काकींच्या मुलाचं लग्न निघालं. दारात मांडव घातला म्हणून आम्ही काम आठवडाभर थांबवलं. परत आलो तेव्हा मांडव अजून उतरला नव्हता. मी लांब दुर्बिणीवर उभा, माझ्या हाताखालच्या माणसाने नेहमीसारखी खुणेवर मापाची पट्टी धरली, मी आकडे लिहिले. त्या आकड्यांवर काकींच्या अंगणासमोरचं गटार बांधून झालं.

नंतर लग्नाचे लाडू खायला त्यांनी बोलावलं. पायरी चकचकीत दिसली. लग्नाआधी तिच्यावर नवी लादी बसवली होती आणि त्या लादीच्या वर, सिमेंटात नीट बसवलेला, माझ्या लाल फुलीचा दगडाचा तुकडा.

"गवंडी फोडून टाकत व्हता," काकी कौतुकाने म्हणाल्या. "मी बोलले, सरकारी खून हाय, अख्खी काड नि वर बसव. बग, रंग पन उडाला नाय."

खूण चार बोटं वर चढली होती, माझ्या वहीत मात्र तिची उंची जुनीच होती. म्हणजे तिच्यावरून काढलेलं गटारही चार बोटं वर. अंगणातलं पाणी गटारात जाणार नव्हतं. गटाराचंच काकींच्या घरात येणार होतं.

"चार बोटांनी काय होतंय?" मी सांगितल्यावर गटाराचा कंत्राटदार म्हणाला. "आणि खूण म्हातारीने हलवली. तिचं ती बघेल."

खोटं कशाला बोलू, एक रात्र मलाही ते पटलं होतं. नोकरी नवीन होती. पण सकाळी काकी पुन्हा विचारणार आणि मी पुन्हा हो म्हणणार, हे काही मला जमेना. खूण ताडून न पाहण्याची चूक माझी, असं ऑफिसात लिहून दिलं. काकींचं नाव काढलं नाही. गटाराचा तेवढा तुकडा फोडून परत बांधला आणि मला त्या कामावरून काढलं.

भर श्रावणात मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. पाऊस कोसळत होता, गटार खळखळत होतं. काकींची चूल कोरडी होती आणि तिच्यावर चहा ठेवलेला होता. मला इतकं बरं वाटलं की भिजलेला तसाच चुलीपाशी बसलो.

आधी बोलल्या त्याच. कप पुढे करत, चांगल्या रागावून.

"मी बाईमानूस असून तुमची खून सांबाळली. तुमाला एक गटार धड बांधता आला नाय, दोनदा बांधलात."

"चुकलं काकी," मी म्हणालो.