सिहोरा ते गोसीखुर्द: वीज पाहायला गेलो, डोंग्यात बसलो

‘सर, शून्य कसं?’ निकितानं शेवटच्या बाकावरून हात वर करून विचारलं, तो क्षण. माझं पुढं जे काही झालं, ते तिथून झालं.

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाचा वर्ग होता. फळ्यावर वीज कशी कशी तयार होते याचा तक्ता. कोळशापुढे सरांनी धूर आणि राख लिहिलं होतं, जलविद्युतपुढे ‘प्रदूषण: शून्य’. सर म्हणाले, परीक्षेत एवढंच लिहा. निकिता उभीच राहिली. ‘माझं गाव त्या पाण्यात गेलं सर. ते कुठं पकडायचं?’ वर्ग हसला. सरही हसले. मग मी उठलो, आणि मी उठलो की काय होतं हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. प्रकरण ऑफिसपर्यंत गेलं, मी बॅग उचलली आणि पुन्हा त्या इमारतीत पाय ठेवला नाही.

मला वाटलं, पोरगी खूश होईल. ती म्हणाली, ‘प्रश्न माझा होता ना? तू काहून भांडला?’

ती शिकून मोकळी झाली. आता पवनीकडच्या एका सबस्टेशनवर शिकाऊ ऑपरेटर आहे. आमचं बोलणं, भांडणं, पुन्हा बोलणं सुरूच आहे. घरी सांगितलं तेव्हा आई ‘पाहू’ म्हणाली आणि बाबांनी पेपर वर केला. आमचं घर बौद्ध, त्यांचं मासेमार ढिवराचं. सिहोऱ्यात एवढं कारण लोकांना महिनाभर पुरतं.

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला: ‘बाबांनी बोलावलं आहे. डोंग्यावर नेतो म्हणतात. तू त्यांना पटला नाहीस तर मी त्यांच्याशी भांडणार नाही, आधीच सांगून ठेवते.’

घरी म्हणालो, धरण पाहून येतो. गाडीला किक मारली.

पहिला दिवस

सिहोरा, तुमसर, मोहाडी, भंडारा, अड्याळ, पवनी. दुचाकीवर आरामात अर्धा दिवस धरा. फेब्रुवारीत निघत असाल तर सकाळी कानटोपी हवीच. दुपारी तीच डिक्कीत कोंबावी लागते. तुमसरच्या पुढं दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची रोवणी चालू होती, बांध्यांत पाणी चकाकत होतं. ते पाणी चढवायला मोटर लागते आणि मोटरीला वीज. मी बी त्याच दिशेनं चाललो होतो म्हणा.

भंडाऱ्यात पोहे-तर्री खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. तर्री वरून मागा, लाजू नका, तिचे वेगळे पैसे नाहीत. महामार्ग ओलांडताना राखेचा एक बंद टँकर शेजारून गेला. कोळशाच्या विजेचं हे मागचं दार: दिवा आपल्या घरी लागतो आणि राख कुठं तरी जाऊन पडते. विटेत गेली तर बरं, वाऱ्यावर गेली तर कोणाच्या तरी छातीत. अड्याळपर्यंत रस्ता चांगला, पुढं अधूनमधून ठिगळं. पवनीत साधे लॉज मिळतात. खोली घेताना आधी नळ सोडून पाहा.

निकिता ड्यूटी संपवून धरणावर आली. भिंतीवर उभं राहिलं की एकीकडे पाणीच पाणी, पार आभाळाला टेकलेलं, आणि दुसरीकडे खाली खडकांतून वाहणारी बारीक वैनगंगा. वीज बनते ते पॉवरहाऊस धरणाच्या पायथ्याशी आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत आणि फाटकावर वाद घालून उपयोग नाही. घातला, म्हणून सांगतो.

‘तू वॉचमनशी बी भांडतो?’ निकिता.

‘विचारून राहिलो होतो.’

‘तुझं विचारणं वरच्या भिंतीपर्यंत ऐकू आलं.’

तिनंच मग बोटानं दाखवलं. वरचं पाणी मोठ्या नळातून खाली येतं, चाक फिरवतं, चाकासोबत जनित्र फिरतं, आणि तेच पाणी पुढं नदीत निघून जातं. धरण मुळात सिंचनाचं, वीज त्याच्यासोबत मिळते. कोळसा जळत नाही, धूर नाही, राख नाही. ‘हे सगळं खरंच आहे,’ ती म्हणाली. ‘सरांचं ते बरोबर होतं. मले फक्त शून्य खटकलं.’

एवढी साधी गोष्ट. हिच्यासाठी मी कॉलेज सोडलं होतं आणि ही सरांना अर्धे मार्क देऊन मोकळी!

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. पुनर्वसनातलं गाव: सरळ गल्ल्या, एकसारखे प्लॉट, सावली कमी. तिच्या बाबांना काय म्हणावं हा प्रश्न मी रस्ताभर घोळवला होता. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. तेवढी हिंमत नव्हती, म्हणून काका.

काकांनी मला खाटेवर बसवलं आणि नीट निरखलं. ‘तू करंटचं शिकला म्हणे?’

‘अर्धंच शिकलो, काका.’

‘अर्धं बी चालते. मंग सांग, पाण्यातली वीज काढून घेतल्यावर पाण्यात दम कुठं राहते? म्हणूनच धरणाखाली मासा वाढत नाही.’

‘असं काही नसते!’ माझा आवाज चढला. निकितानं भाकरी थापता थापता असं पाहिलं की मी अर्ध्यावर उतरलो. ‘म्हणजे असं पाहा काका, पाणी पडते, चाकाले धक्का देते. आपण तो धक्का तेवढा घेतो. पाण्यातलं काही काढत नाही.’

‘काहीच नाही काढत?’

‘काहीच नाही.’

‘मंग मासा कायले कमी झाला?’

काकाच सांगू लागले, पूर्वी पहिला पूर आला की मासा उलटा वर चढायचा, अंडी टाकायला. आता मधात भिंत आहे. निकितानं भर घातली: झाडं तशीच उभी बुडाली, खाली सडली, खोल पाण्यातली हवा त्यांनी खाल्ली. तेच खालचं पाणी नदीत सुटलं तर माशाला श्वास पुरत नाही.

‘म्हणजे दम गेलाच ना!’ काका मांडीवर थाप मारून म्हणाले.

‘तसा नाही गेला, बाबा.’

‘कसा बी जावो, गेला ना?’

निकिताची आई ताट घेऊन आली. ‘तुमचं तिघायचं बी बरोबर हाय. आता जेवा, रस्सा थंडा होऊन राहिला.’

झिंग्याचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. या एका ताटासाठी सिहोऱ्याहून पुन्हा येईन.

दुसरा दिवस

उजाडताना डोंग्यात बसलो. डोंगा म्हणजे इथली लहान नाव. काका मागं वल्हं घेऊन, मी पुढं, अंगात दोन स्वेटर. तुम्हाला जायचं असेल तर गावातल्या मच्छीमारांना आदल्या दिवशी विचारा, पोहता येत नसेल तर आधी सांगा, आणि हौसेनं उभं राहू नका.

पाण्यात वाळलेल्या झाडांचे शेंडे उभे होते, त्यांवर पाणकावळे. कडेला जलपर्णीचे हिरवे पट्टे. नदी वाहती होती तेव्हा ही थांबत नसे, काका म्हणाले. आता पाणी थांबलं, तर हीही मुक्कामाला आली. मग ते जागा सांगू लागले. इथले लोक पाण्यावरच्या जागांना खाली जे आहे त्याचीच नावं देतात. कोण ‘शाळेवर’ जाळं टाकतो, कोण ‘पाटलाच्या खळ्यावर’. किनाऱ्याकडं पाहून, टेकडीचा कोपरा कुठं येतो त्यावरून ठरवतात. आम्ही चौकावर निघालो होतो.

जाळं ओढायला मला दिलं. पहिल्यांदा रोहू चमकला, मग कतला, आणि मला वाटलं, जमलं राजा. तेवढ्यात जाळं खाली कशात तरी अडकलं.

‘जोर नको करू,’ काका म्हणाले. ‘ढिला सोड, मी डोंगा वळवतो.’

मी ऐकलं, पण हात आधीच ओढून चुकले होते. चर्र आवाज झाला. जाळ्यात एवढं भोक पडलं की त्यातून मी स्वतः गेलो असतो.

काका रागावले नाहीत. ‘लाइटीचा खांब हाय थो,’ एवढंच म्हणाले. ‘तारा काढून नेल्या, खांब ठेवला. गावात पहिल्यांदा लाइट आला तं याच खांबाखाली आम्ही सगळ्या गावाले जेवण देल्लं होतं.’

मी पाण्यात पाहिलं. काही दिसत नव्हतं. माझा चेहरा तेवढा दिसत होता, लाल झालेला.

किनाऱ्यावर ओल्या पोत्यावर वाटे पडले. इथली पद्धत अशी: एक वाटा डोंग्याचा, एक जाळ्याचा आणि डोंग्यात बसलेल्या प्रत्येक माणसाचा एकेक. काकांनी एक ढीग माझ्याकडे सरकवला. ‘हा तुझा.’

माझं डोकं आधीच तापलेलं. ‘मले नको. जाळं फाडलं मी, वरून मासे कायले? माझ्यावर दया नका करू.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘नको?’

‘नको म्हटलं ना.’

‘बरं.’ त्यांनी तो ढीग उचलून स्वतःच्या ढिगात मिसळला. व्यापारी बर्फाचा डबा बांधलेली मोटरसायकल घेऊन उभाच होता. मासे गेले. मी मोठ्या तोऱ्यात लॉजवर आलो. वाटत होतं, काय स्वाभिमानी माणूस आहे मी!

दुपारी निकिता आली ती दारातूनच. ‘तू डोंगा सोडला?’

‘मी कुठं सोडला?’

‘वाटा नाकारला ना तू? आमच्यात वाटा नाकारला म्हणजे उद्यापासून या डोंग्यावर येत नाही. सख्खे भाऊ वेगळे झाले तरी असंच करतात, तोंडानं काही बोलत नाहीत. बाबा घरी येऊन म्हणाले, पोट्टा बरा होता, पण त्यालेच नाही राहायचं.’

‘मले हे कोणी सांगितलं होतं?’

‘तू विचारलं होतं कोणाले?’

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं असेल. हे तर ‘पटला नाही’च्याही पलीकडचं झालं होतं. त्यांनी नकार दिला नव्हता, मीच देऊन आलो होतो.

गाडी अशी हाणली की ठिगळांचा हिशोब राहिला नाही. काका कडुनिंबाखाली जाळं पसरून बसले होते.

‘काका, माझा वाटा द्या.’

‘थो तं बाजारात गेला.’

‘मंग उद्याचा द्या.’

‘उद्याचा आज कसा भेटन? उद्या यावं लागते.’

‘मी येतो.’

त्यांची सुई जाळ्यात थांबली. आतून निकिताच्या आईच्या भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

‘उद्याचं उद्या,’ काका म्हणाले. ‘आता बस. भोक काय मी एकट्यानं शिवू?’

बसलो. छातीवरचं गिरणीचं जातं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत गाठी मारल्या. काकांनी माझी बाजू उन्हाकडं धरून पाहिली. ‘हे जाळं हाय का गोधडी?’

तिसरा दिवस

पुन्हा चौकावर. पुन्हा जाळं अडकलं. मी हात ढिले सोडले आणि काकांकडे पाहिलं. डोंगा वळला, जाळं आपोआप सुटलं. किनाऱ्यावर ढीग पुढं आला तसा मी दोन्ही हातांनी घेतला, म्हटलं, ‘येतो, काका.’

‘आता काका काय म्हणतो?’ ते ढिगाकडेच पाहत म्हणाले. ‘मामाजी म्हणायले जीभ झिजते का तुही?’

‘येतो, मामाजी,’ मी म्हटलं.

निकिता पवनीपर्यंत मागं बसून आली. उतरल्यावर म्हणाली, ‘एक सांगू? बाबा नाही म्हणाले असते तं मी भांडले असते.’

‘तू तं म्हटलं होतं का—’

‘तुले धाकात ठेवाले म्हटलं होतं.’

घरी

परतीचा रस्ता तोच होता, पण मला तो सपाट लागला. आता सिहोऱ्यात दुपारी पंखा लावताना मला त्या खोल पाण्यातला खांब दिसतो. दिसला म्हणून पंखा बंद राहत नाही. उन्हाळा कोणाला चुकला? वीज लागतेच, आणि कोळशापेक्षा पाण्याची बरी, हे मी अजूनही म्हणतो. फक्त शून्य म्हणत नाही. कॉलेजचं अजून ठरवलेलं नाही. सरांना भेटायचं मात्र ठरवलं आहे, आणि तिथं आवाज चढवायचा नाही हेही.

घरी मी सगळं सांगितलं. खांब, भोक, वाटा, सगळं. आई ऐकताना दोनदा हसली. बाबांनी पेपर वर केला. दोन दिवस तो वरच राहिला.

आज रविवार. उन्हं चढल्यावर मी पुन्हा निकिताच्या गावी जायला निघालो तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे, आई नवं लुगडं नेसून, हातात पिशवी.

‘कुठं चालले तुम्ही?’

‘कुठं म्हणजे?’ बाबा म्हणाले. ‘पोरगी मागाले पोट्ट्यानं एकट्यानं जायचं असते का? ऑटो सांगितला हाय तुमसरपर्यंत. चाल.’

आई म्हणाली, ‘पाहत काय राहिला? पंखा सुरू हाय आत.’

मी आत गेलो, पंखा बंद केला, बाहेर आलो आणि दार लावलं.