सोयराबाईंनी उसवलेलं पुस्तक

मला लिहायची सवय नाही. गेल्या महिन्यात सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींनी आवडत्या पुस्तकांवर बोलायचा कार्यक्रम ठेवला होता. सगळे बोलले, मी गप्प बसलो. मला पुस्तकाबरोबर एक बाई आठवत होती आणि तिच्याबद्दल पाच मिनिटांत काय सांगावं ते सुचेना. म्हणून आता लिहून बघतो.

१९६१ साली मी चोवीस वर्षांचा होतो. सरकारी कारखान्यात नोकरी लागून बंगलोरला आलो होतो. चामराजपेठेत आमच्या मराठी मंडळाची एक खोली होती आणि तिथे दोन कपाटं पुस्तकं. रविवारी ती कपाटं उघडायचं काम माझ्याकडे आलं, कारण नाही म्हणायला मला जमलं नाही.

त्या दोन कपाटांत एकच पुस्तक असं होतं की ज्यासाठी लोक भांडत. त्याचं मुखपृष्ठ आणि पहिली दोन पानं केव्हाच गळून गेली होती, त्यामुळे सगळे त्याला ‘गोदीचं पुस्तक’ म्हणत. गोदी नावाची मुलगी, खाडीकाठचं गाव, होड्या दुरुस्त करणारा बाप आणि घरात कायम काहीतरी कमी. गोदी कशी वाढली, कशी शिकली, एवढीच गोष्ट, कुणा बाईनं लिहिलेली. ते वाचून परत देताना माणसं माझ्याशी स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलायला लागत. एरवी जी माणसं फक्त बढतीबद्दल बोलत, तीसुद्धा.

पुस्तक मंडळाचं नव्हतं. आमच्या कारखान्यातले साहेब विद्याधर मेहेंदळे यांनी ते वाचायला ठेवलं होतं. साहेब लहानपणी वार लावून जेवले होते, म्हणजे रोज एका वेगळ्या घरी. ते पुस्तक त्यांना चौदाव्या वर्षी मिळालं होतं.

त्यांच्या पत्नी हेमलतावहिनी शनिवारी दुपारी मंडळातल्या बायकांना त्यातलं एकेक प्रकरण वाचून दाखवत. तिथे एकदा सोयराबाई ब्लाउज द्यायला आल्या. कॉटनपेठेतल्या एका गल्लीत त्या शिवणकाम करत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड. वय चाळिशीचं, नवरा वारलेला. ब्लाउज देऊन त्या निघणार होत्या, पण वहिनी वाचत होत्या ते प्रकरण एका लुगड्याचं होतं. गोदीच्या घरात बाहेर नेसायचं लुगडं एकच होतं, आई बाहेर गेली की थोरली बहीण घरात बसे आणि बहीण गेली की आई. सोयराबाई दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत राहिल्या.

“हे आमच्या घरातलं आहे,” त्या म्हणाल्या. “मी आणि माझी आई असंच करत होतो. आम्ही कुणाला सांगितलं नाही. ह्या बाईनं छापून टाकलं?”

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या. पण गणपती जवळ आले, नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आणि वाचन बंद पडलं. मग एका रविवारी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पुस्तक मागितलं. मी दिलं. आठ दिवसांनी ते परत आलं. तेच पुस्तक त्यांनी पुन्हा मागितलं. असं चार वेळा झालं. बाकीचे वाचक मला बोलू लागले, “अहो हरी, ते पुस्तक काय त्यांना आंदण दिलंत?”

मी अवघडत विचारलं, “सोयराबाई, कुठवर आलं?”

“कुठवरच नाही.” त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “अण्णा, मला ही अक्षरं येत नाहीत. मी चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेले. वाटलं, भाषा आपली आहे, रोज बघितलं की कळेल. नाही कळत.”

त्या मराठी बोलत होत्या, म्हणून मराठी वाचताही येत असेल, असं मी धरून चाललो होतो. पुण्याहून आलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंच नसतं.

“आता तुम्ही वाचा,” त्या म्हणाल्या, “मी कन्नड अक्षरांत लिहून घेते. माझ्या गल्लीत पंधरा बायका आहेत, सगळ्या माझ्यासारख्याच. सगळ्यांना हे वाचायचंय.”

मोठ्यानं वाचायची मला लाज वाटे. पण रविवारी दुपारी तसंही खोलीत कुणी येत नसे. मी वाचायचो, त्या वहीत लिहायच्या. मी भरभर गेलो की म्हणत, “स्वल्प थांबा की, गाडी सुटणार आहे काय?” दोन तासांत आठ-नऊ पानं होत. नोव्हेंबरात सुरू केलं आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तीनशेवीस पानांपैकी एकशेचव्वेचाळीस झाली.

त्याच सुमाराला मेहेंदळ्यांची भोपाळला बदली झाली. एक एप्रिलला, रविवारी सकाळी, सामानाचा ट्रक निघणार होता. साहेबांकडून पुस्तकाचं खरं नाव विचारून मी पुण्याच्या पुस्तकांच्या दुकानाला पत्र टाकलं. उत्तर आलं, पुस्तक संपलं आहे, पुन्हा छापायचा विचार नाही.

सोयराबाईंना मी हे सांगितलं तेव्हा वाटलं, त्या आता वही मिटतील. त्या बोटांवर हिशेब करत म्हणाल्या, “चार रविवार. एकशे शहात्तर पानं. एका हातानं होत नाही. चला, साहेबांकडे जाऊ.”

मेहेंदळ्यांच्या घरी अर्धं सामान बांधून झालं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, दुसरी सगळी पुस्तकं ठेवून जातो. हे मागू नका.”

“ठेवून जा म्हणत नाही. एक महिना उसवायला द्या.”

“काय करायला?”

“आमच्याकडे दुकानातून पोलिसांच्या गणवेशाचं काम येतं, साहेब. पन्नास सदरे एक बाई नाही शिवत. एका घरी बाह्या जातात, एका घरी कॉलर, एका घरी काजं. शेवटी मी सगळं जोडते. हे पुस्तकपण तसंच शिवलेलं आहे, बघा. सोळा-सोळा पानांच्या जुड्या आहेत. अकरा जुड्या राहिल्या. पाच बायकांना दोन-दोन देते, एक मी ठेवते. तुमच्या मंडळातल्या बायकांनी येऊन वाचायचं, आमच्या बायकांनी लिहायचं.”

“म्हणजे पुस्तक फाडणार!”

“फाडणार नाही. उसवणार.” सोयराबाईंनी पुस्तक उघडून एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे निसटलेली पानं जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली होती. “ही शिलाई कुणाची?”

“माझी,” साहेब म्हणाले.

“कळतंय.”

आतल्या खोलीत हेमलतावहिनी हसल्याचं ऐकू आलं. साहेब हसले नाहीत.

“भोपाळला आणखी वीस जण वाचतील,” सोयराबाई म्हणाल्या, “आणि पानं सुटून तुमच्या हातात येतील. आता आहे त्याच्यापेक्षा घट्ट करून देते. एक पान कमी झालं तर मला काय वाटेल ते बोला.”

साहेबांनी पुस्तक जवळ ओढलं. शेवटी वहिनीच बाहेर येऊन म्हणाल्या, “द्या हो. एका घरच्या जुड्या वाचायला मी जाते.” तेव्हा साहेबांनी पुस्तक दिलं. “ट्रक दहाला निघेल,” ते म्हणाले. “त्याआधी मला ते हातात हवं.”

सोयराबाईंनी माझ्यासमोर ब्लेडच्या टोकानं एकेक टाका कापला. मला बघवेना.

त्या महिन्यात आमच्या मंडळातल्या पाच बायका दुपारच्या कॉटनपेठेतल्या गल्लीत जाऊ लागल्या. इतकी वर्षं ब्लाउज तिथे शिवायला टाकत, पण उंबऱ्याच्या आत कुणी गेलं नव्हतं. मी एका शनिवारी कारखान्याचा अर्धा दिवस संपवून गेलो तेव्हा हेमलतावहिनी एका पायरीवर बसून वाचत होत्या, “आईने चूल पेटवली.”

“कशावर?” लिहिणाऱ्या वसुमतीनं विचारलं. “शेणी की लाकूड?”

“ते दिलेलं नाही.”

“मग लिहिणारीनं स्वतः चूल पेटवली नाही कधी.”

“अहो, तुम्ही लिहा ना!”

“लिहिते, अक्का. सांगून ठेवलं फक्त.”

वसुमती तिशीची होती, हात भराभर चालणारी. तिच्या दोन्ही जुड्या सगळ्यांच्या आधी झाल्या.

एकतीस मार्चला, शनिवारी दुपारी, सगळं लिहून झालं. आता मूळ पुस्तक शिवायचं राहिलं होतं. पण सोयराबाई म्हणाल्या, आधी ताळा करायचा. त्या कन्नड वह्यांमधून वाचतील आणि मी छापील पानावर नजर ठेवायची. त्यांनी स्वतः लिहिलेलं आम्ही आधीच तपासलं होतं. गल्लीतल्या बायकांच्या वह्या राहिल्या होत्या.

चार वाजले असतील. वसुमतीच्या वहीत बनीचं प्रकरण होतं. बनी ही गोदीची धाकटी बहीण. घरात सगळ्यांना पुरत नाही, म्हणून तिला दूरच्या नातेवाइकांकडे कायमचं पाठवतात. तिथे रोज भात मिळेल असं तिला सांगितलेलं असतं, म्हणून ती बैलगाडीत बसताना रडत नाही. पुस्तकात ती परत येत नाही. सोयराबाई वाचत होत्या: गाडी वळणावर गेली, आई धावत सुटली, तिनं बैलांची शिंगं धरली आणि बनीला उतरवून कडेवर घेतलं...

“थांबा,” मी म्हणालो. “हे इथे नाही.”

“काय नाही?”

“आई धावत नाही. ती दारात उभी राहते आणि मग भांडी घासायला बसते.” त्यांनी पुढे वाचलं, तर अशी तीन पानं वेगळी निघाली.

हेमलतावहिनींनी छापलेलंच वाचलं होतं. पण त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं, त्यामुळे समोरची काय लिहिते हे कळायचा मार्ग नव्हता. सोयराबाईंनी वसुमतीला हाक मारली.

वसुमती आली, वही बघितली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. “त्या पोरीला तसं पाठवायला माझा हात चालला नाही, अक्का.”

“तुला लिहायला बसवलं होतं की निवाडा करायला?”

“तीन पानांनी तुमचं काय जातं? गोदीचं बाकी सगळं आहे तसं आहे.”

मला ठाऊक नव्हतं, नंतर कळलं. वसुमतीची धाकटी मुलगी होसूरला दिराकडे वाढत होती.

मी म्हणालो, “सोयराबाई, राहू द्या. वेळ नाही. कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय,” त्या म्हणाल्या. मग वसुमतीकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “आमच्या लुगड्याचं आम्ही झाकून ठेवलं. तुझ्या पोरीचं तू झाकून ठेवतेस. एकीनं हे उघड लिहिलं, म्हणून तर आपण सगळ्या महिनाभर बसलो. तिचं लिहिलेलं तूच परत झाकतेस? बस. तूच लिहायचं.”

“तुम्ही लिहा, अक्का. मला नका सांगू.”

“मी शिवायला बसते. माझे हात मोकळे नाहीत. अण्णा, तू वाच.”

त्या मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाल्या. त्यांनी बाकीच्या एकोणीस जुड्या रचल्या, सुईत मेण लावलेला दोरा ओवला आणि शिवायला लागल्या. ती तीन पानं असलेली जुडी तेवढी माझ्या हातात राहिली. मी वाचू लागलो. गाडीत बनी बसते तिथे वसुमतीची लेखणी थांबली. मीही थांबलो.

“थांबू नको,” सोयराबाई मान वर न करता म्हणाल्या.

मी वाचलं. वसुमतीनं पदरानं तोंड पुसलं आणि लिहिलं. आई दारात उभी राहिली. आई भांडी घासायला बसली. तीन पानांना सव्वा तास लागला. शेवटची ओळ झाल्यावर सोयराबाईंनी हात पुढे केला, माझ्याकडून ती जुडी घेतली आणि तिच्या जागी शिवली.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही मेहेंदळ्यांच्या दारात होतो. साहेबांनी पुस्तक घेतलं, एकेक पान मोजलं, मग दोन्ही पुठ्ठे धरून ओढून बघितलं. पाठीला जाड खाकी कापड लावलं होतं.

“हे कसलं?”

“पोलिसांच्या चड्डीचं, साहेब. फाटायचं नाही.”

ट्रकमध्ये पुस्तकांची पेटी आधीच चढली होती. साहेबांनी ती उघडायला लावली नाही. पुस्तक त्यांनी आपल्या हातातल्या पिशवीत ठेवलं.

त्याच दुपारी गल्लीत कन्नड अक्षरांतली प्रत शिवून पुरी झाली. मी कपाटं बंद करून गेलो तेव्हा सोयराबाई शेवटची गाठ मारत होत्या. वसुमती जवळ बसली होती. तिनं आपली ती जुनी तीन पानं, आई धावत जाते ती, पुढे केली. “ही फेकायची?”

सोयराबाईंनी पानं घेतली, जरा विचार केला आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी, गोष्ट संपल्यावर, लाल दोऱ्यानं जोडली. “हे तुझं आहे,” त्या म्हणाल्या. “ज्याला पाहिजे तो शेवटी वाचेल. मधे नाही.”

पुढची सहा-सात वर्षं ती प्रत गल्लीत फिरली, मग नातेवाइकांबरोबर होसूरला आणि कोलारला जाऊन आली. सोयराबाईंनी ती तीनदा नव्यानं शिवली. १९६८ साली मी लग्न करून बायकोला त्यांच्या पाया पडायला घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ती मला दाखवली. लाल दोऱ्याची पानं अजून कोरी असल्यासारखी होती. बनीच्या गाडीचं पान मात्र इतक्या हातांनी मऊ झालं होतं की बोटांना कापड लागल्यासारखं वाटलं. सोयराबाईंनी त्याच्या काठाला पातळ मलमलीची पट्टी लावून घेतली होती.